पाव फेरा

शारजा, १७ नोव्हेंबर २०२४

गंगूआत्ये,

पाया पडतो. रत्नागिरी नेमकी कुठल्या बाजूला ते मोबाईलवर बघितलं आणि त्या बाजूला तोंड करून पडलो. आमचा उस्ताद चहा पीत बघत होता. म्हणाला, "अरे, काबा दुसरी तरफ है." मी म्हटलं, माझी आत्या ह्याच बाजूला आहे.

फोनवर माझा आवाज आला की तू उठून आत जातेस, असं श्रद्धाने सांगितलं. म्हणून कागद. कागद वाचणार श्रद्धा, म्हणजे आवाज तुझ्या लेकीचा. त्यावर तुझा राग नसणार. मी आठवी नापास, तू शाळेची पायरी न चढलेली, आणि आपल्या दोघांच्या मधे बी.कॉम. करणारी श्रद्धा. जमेल बरोबर. (श्रद्धा, ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस. वाच.)

बुरोंडीचा निलेश दोन महिन्यांच्या सुट्टीवर येतोय, त्याच्या हातून हे देतोय. बरोबर खजूर आहे आणि तुझ्या गुडघ्याला लावायचं तेल. बाटलीवर उंटाचं चित्र आहे, म्हणून घाबरू नकोस. तेल माणसाचंच आहे.

मी खरंच बरा आहे. मेसमधे सगळी केरळची माणसं, म्हणजे मासे रोज. पण खोबरेल तेलात. पहिले सहा महिने वाटायचं कुणीतरी केसाला लावायचं ते ताटात ओतलंय. आता सवय झाली. परवा तर मीच आचाऱ्याला म्हटलं, आज तेल कमी पडलं.

काम आवडतं, आत्ये. तुला माहीत आहे मी एका जागी बसणारा नाही. शाळेत बसलो नाही, तुझ्या मासळीच्या गाळ्यावर बसलो नाही. इथे बसायचंच नसतं. गॅरेजवस्तीला इथे सनाइया म्हणतात. पहिलं वर्ष टायर, दुसरं वर्ष ऑइल, आणि ह्या वर्षी उस्तादाने मला टर्बोवर घेतलं. काय करतो ते तुला कळेल असं सांगतो.

आपल्या खाजणाच्या बांधाला उघाडी आहे ना, पाण्याने आपोआप उघडणारी फळी, तसंच. इंजिनाचा धूर बाहेर जाताना एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून गाडी पळते. पण हवा फार कोंबली तर इंजिन फुटेल. म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप असते. हवेचा दाब वाढला की तोच दाब एका बारीक नळीतून जातो आणि झडप उघडतो, उरलेला धूर पंख्याला चुकवून निघून जातो. ओहोटीला आत साठलेलं पाणी जसं उघाडी आपणच ढकलून बाहेर पडतं. कुणी उभं राहायला लागत नाही.

आता हौशी माणसं येतात. त्यांना गाडी अजून पळवायची असते. तर त्या बारीक नळीच्या मधे आम्ही एक पितळी बोंड बसवतो, सुपारीएवढं. आत एक गोळी आणि स्प्रिंग, बाहेर एक स्क्रू. त्याला बूस्ट कंट्रोलर म्हणतात. त्याचं काम एवढंच, की झडपेशी थोडं खोटं बोलायचं. दाब दहा झाला तरी तिला सांगायचं, आठच आहे गो, थांब जरा. स्क्रू जेवढा आत, तेवढं खोटं मोठं. कुणाला किती खोटं पचेल ते ओळखायचं, ह्याचा पगार मला मिळतो.

घाटात गेलेल्या आपल्या त्या गाडीचं इथे लिहीत नाही. तुला तो विषय नको, आणि मलाही.

(श्रद्धा, पुढची ओळ तिचा चेहरा बघून वाच किंवा सोडून दे. आपली गाडी सुटल्यापासून बाबूकाका काय करतो? मला फोनवर कळव.)

आणि श्रद्धाबाई, तुम्हाला शेवंडांच्या टाकीचा हवेचा पंप चालू करायचं आता तरी आठवतं का? का अजून मारताच आहात? एका दिवसात सहा शेवंडं, हॉटेलवाले लॉबस्टर म्हणून नेतात ती. आत्या आठ दिवस तोफा डागत होती, रत्नदुर्गाला ऐकू जात होत्या. मी तेव्हा लांब बसून हसत होतो, ते आठवून इथे पण हसतो.

गुडघा सांभाळ.

तुझ्या भावाचा आणि त्याच्या मागून तुझाच,
दर्शन


शारजा, ८ डिसेंबर २०२४

आत्ये,

श्रद्धाने कळवलं, तू पत्र ऐकलंस. काही बोलली नाहीस, फक्त मधे ती थांबली तेव्हा "वाच पुढे, दात काय दाखवतेस" म्हणालीस. मला तेवढं पुष्कळ आहे. आता निलेशसारखा कुणी येणारा नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो श्रद्धाला पाठवतो.

खजूर तू देवाला दाखवून शेजारी वाटलास आणि तेल लावलंस, हेही कळलं. पण श्रद्धा म्हणते, बाटलीवरच्या उंटाच्या तोंडावर तू कुंकवाचा कागद चिकटवलास. का गो?

आज नव्या गाडीबद्दल लिहितो. आमच्याकडे मारिसेल नावाची एक फिलिपिनो नर्स येते. चाळिशीची असेल, उंची तुझ्याएवढी, आणि तुझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहते. हॉस्पिटलात बारा तास उभी असते आणि सुट्टीच्या दिवशी गाडी पळवायच्या मैदानावर जाते. छोटी पेट्रोलची टर्बो गाडी आहे तिची, लाल. तिने बोंड बसवायला सांगितलं. उस्ताद म्हणाला, "ये दर्शन करेगा, अकेला." पहिली पूर्ण गाडी माझ्या एकट्याच्या हातची.

आत्ये, मी हे काम कसं केलं ते सांगतोच, कारण ह्याचं कौतुक करायला माझं इथे कुणी नाही.

आधी जुनी नळी काढली. नवी निळी सिलिकॉनची नळी, आतून सुळसुळीत, इंजिनाच्या गरमीत बसली तरी मऊ न होणारी. हव्या त्या लांबीला सरळ कापली, तिरकी नाही. बोंडावर बाण असतो, तो टर्बोकडून झडपेकडे. उलटं बसवलं तर झडपेला काहीच कळत नाही. प्रत्येक जोडावर क्लिप, चारी टोकांना. मग हाताने ओढून बघायचं. उस्ताद येऊन माझ्यापेक्षा जोरात ओढून बघतो. निघाली तर शिवी, नाही निघाली तर चहा. मला चहा मिळाला.

मग स्क्रू पूर्ण सैल. हे सगळ्यांत महत्त्वाचं. नवशिका माणूस काय करतो? अंदाजाने चार फेरे आत फिरवतो आणि पळवतो. उस्ताद म्हणतो, आधी गाडी आपल्या अंगचं किती देते ते बघ. सैल स्क्रूवर फिरवून आणली, दाबाचा काटा आठवर. मग पाव फेरा. परत फिरवली. साडेआठ. परत पाव फेरा. प्रत्येक वेळी थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, बॉनेट उघडून नळ्या बघायच्या. इंजिनाला एक तांब्याची चपटी पट्टी लावतो, तिला रबरी नळी, आणि नळीचं दुसरं टोक कानात, डॉक्टर लावतो तसं. आत टक टक ऐकू आलं की एक पाऊल मागे. मारिसेल म्हणाली, हे तर मी रोज करते. म्हणून नळीचं टोक तिच्या कानात दिलं. ती डोळे मिटून ऐकत बसली.

पण उस्तादाचं खरं डोकं पुढे. म्हणाला, गाडी भरा. मागे कणकेच्या तीन गोणी टाकल्या, मागच्या सीटवर मेसमधला आचारी आणि त्याचा भाऊ, पुढे उस्ताद. मी विचारलं, हे कशाला? तिला तर मैदानावर एकटीला पळवायची आहे. तो म्हणाला, "खाली गाडी सबकी अच्छी चलती है. भरके देख."

आत्ये, मी त्या तीनच गोणी परत परत मोजल्या. आचारी विचारत होता, तब्येत बरी आहे का.

साडेअकरावर आणून थांबवलं. भरलेल्या गाडीतही काटा साडेअकराला जाऊन गुळाला मुंगी चिकटावी तसा बसला. मारिसेलला अजून हवं होतं. "वन मोर, वन मोर." मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, तू घाबरतोस. कधी कुणाचं इंजिन उडवलंस का?

मी म्हटलं, नाही.

लगेच म्हटलं. जीभ अडखळली पण नाही, बघ. ती खुश होऊन गेली. रात्री मेसमधे बांगडे होते, मी ताट तसंच ठेवलं.

श्रद्धाने कळवलं, बाबूकाका मिरजोळ्याला बर्फाच्या कारखान्यात राखणदार आहे. चौदा वर्षं आपली गाडी चालवलेला माणूस. चौदा वर्षांत एका बोंबलाला चरा पाडला नाही. तो आता दुसऱ्यांच्या गाड्या आल्या की गेट उघडतो.

(श्रद्धा, हे सोडू नकोस. वाच. ती उठली तरी वाच.)

दर्शन


शारजा, २९ डिसेंबर २०२४

श्रद्धा,

हे पत्र एक दिवस थांबवून वाच. आधी मिरजोळ्याला जा, बाबूकाकाला घरी घेऊन ये, पडवीत आत्याच्या समोर बसव, चहा दे. मग मोठ्याने वाच. तुझ्या मनाने एकही ओळ गाळायची नाही.

आत्ये, बाबूकाका,

आंबा घाटात गाडी बाबूकाकाने मारली नाही. मी मारली.

आता सगळं सांगतो, पहिल्यापासून, म्हणजे मधे पळायला जागा राहणार नाही.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. मी एकोणीस वर्षांचा, काकाच्या बाजूला बसायचो. मिरकरवाड्यावरून मासळी भरायची आणि कोल्हापूरला बाजार लागायच्या आत पोचायचं. साखरप्यापर्यंत आपण पुढे. घाट लागला की ती पांढरी पिकअप मागून यायची, आणि तिचा क्लीनर खिडकीतून बर्फाचा खडा आपल्या काचेवर मारून पुढे जायचा. रोज. काका हसायचा. म्हणायचा, "जाऊ दे रे, मासा काय उडून जात नाय." मला हसू यायचं नाही. रोज तो खडा माझ्याच थोबाडावर बसायचा.

मोबाईलवर बघून बोंड मागवलं. मिरजोळ्याला बर्फाच्या कारखान्याच्या मागे, काका घरी जेवायला गेला असताना, बॉनेट उघडून बसवलं. बोंडाबरोबर नळी आली होती ती अपुरी पडली. दोन हात अजून हवी होती. तालुक्याच्या दुकानात विचारायचं तर दहा जण विचारणार, कशाला? म्हणून घरी आलो आणि शेवंडांच्या टाकीच्या हवेच्या नळीचा दोन हात तुकडा कापून नेला. पांढरट, पारदर्शक, मऊ. उरलेली परत पंपाला खोचून ठेवली. कुणाला कळलं नाही.

क्लिप नव्हत्या. जोडाला तंगूस गुंडाळला, मासे पकडायचा नायलॉनचा दोरा.

स्क्रू सैल करायचा असतो हे मला माहीत नव्हतं. चार फेरे आत दिले आणि विमानतळाच्या रस्त्याला फिरवून आणली. रिकामी गाडी, सकाळचा गारवा, सपाट रस्ता. आत्ये, गाडी उडाली. मी एकटाच ओरडलो आत बसून.

काकाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नाणीजच्या पुढे विचारलं, "हिला काय पाजलंस रे?" मी म्हटलं, एअर फिल्टर साफ केला. घाटात पांढऱ्या पिकअपला आम्ही मागे टाकलं. मी बर्फाचा खडा मारला. नेम चुकला, पण मारला. चार दिवस असं चाललं. माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे चार दिवस, हे पण खरं सांगतो.

पाचव्या दिवशी होड्या उशिरा लागल्या. आपण निघालो तेव्हाच ऊन चढलं होतं. गाडी काठोकाठ, सुरमई आणि बांगडे, वर बर्फ. घाटात साडेदहा वाजले. मऊ नळी गरम झाली, आणि तंगुसातून सुटली. त्या वेळी मला कळलं नव्हतं, इथे काम करताना कळलं. बोंड झडपेशी थोडं खोटं बोलतं असं मी लिहिलं होतं ना? नळी सुटली की झडपेला काहीच ऐकू जात नाही. ती बंदच राहिली. दाब चढत गेला. एक शिटी वाजली, बारीक, लांब, आणि मग फाटल्यासारखा आवाज. टर्बोचा पंखा फुटला आणि तुकडे इंजिनात गेले. मागे सगळा घाट काळा.

काकाने मला खालच्या वळणावर पाठवलं, येणारी गाडी थांबवून पाणी आणायला. मी परत आलो तेव्हा बॉनेट बंद होतं. तू दुपारी कुणाच्या तरी ट्रकमधून आलीस. बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. तू मासळीकडे बघितलं नाहीस, आमच्याकडे बघितलंस. "काय झाला?" विचारलंस. काका काही बोलायच्या आधी मी बोललो. "काकाने दुसऱ्या गिअरात दामटली. मी सांगत होतो."

आत्ये, त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तू म्हणालीस, "बाबू, चावी दे." त्याने दिली. चौदा वर्षांची चावी, देवीच्या चित्राची. पाच मिनिटांचं काम.

नंतर गाडी ओढून आणली तेव्हा मी बोंड काढून टाकायला गेलो. बोंड नव्हतं. दरीत उडून गेलं असणार. मला बरं वाटलं. एवढा मी हलकट.

मग तू नवी गाडी घेतलीस. चावी देव्हाऱ्यात ठेवलीस आणि म्हणालीस, सोमवारी ही तू घ्यायची. तुला वाटतं मी तुझ्या गाडीला लाथ मारून, तुला एकटीला टाकून दुबईच्या हौसेने पळालो. तसं नाही गो. तुझ्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि चावीला हात लावायची पण नव्हती. त्या चावीला तू तेच देवीचं चित्र अडकवलं होतंस.

श्रद्धा सांगते, तीन वर्षांत सहा ड्रायव्हर झाले. एक पण टिकत नाही, तू टिकू देत नाहीस. चावी काकाला दे. मला काय म्हणायचं ते म्हण, किंवा काहीच म्हणू नकोस. पण ती त्याला दे.

काल मारिसेल ऑइल बदलायला आली. मी तिला म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोललो, एक इंजिन मी उडवलंय, माझ्या घरच्या गाडीचं. ती म्हणाली, नळीमुळे की स्क्रूमुळे? मी म्हटलं, दोन्ही. तिने बॉनेट उघडून आपल्या गाडीची नळी एकदा ओढून बघितली. निघाली नाही.

काका, तुझी माफी मागायला पत्र पुरत नाही, ते मला कळतं.

दर्शन


शारजा, २ फेब्रुवारी २०२५

श्रद्धा,

हे पत्र तुला. आत्याला नंतर वाचून दाखव.

निलेश परवा आला. विमानतळावरून थेट सनाइयात, बॅग पण घरी न ठेवता. म्हणाला, "तुझ्या आत्येचा डबा घेऊन मी सहा तास वासात बसलोय, आधी तुझं घे." बोंबील, कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, आणि सोड्यांचा पत्र्याचा डबा. उस्ताद वासाने बाहेर गेला आणि केरळवाले वासाने आत आले.

रात्री सोडे काढायला हात घातला तर खाली काहीतरी जड लागलं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं पितळी बोंड. त्याला दोन हात पांढरी नळी, टोकाला तंगूस तसाच.

निलेशला म्हटलं, हे कुणी दिलं? तो म्हणाला, तू डबा फोडल्याशिवाय सांगू नको म्हणून बजावलंय, आता ऐक.

निलेश त्या दिवशी आपल्या पडवीतच होता. त्याने सांगितलं ते तू डोळ्यांनी बघितलंयस, तरी मी लिहितो, कारण मला ते परत परत लिहावंसं वाटतं. तू वाचत होतीस, काका पडवीच्या पायरीवर बशीतून चहा पीत होता. नळीची गोष्ट आली तेव्हा तो हसला म्हणे. आत्या खेकसली, "हसतोस काय मेल्या, तुझीच गोष्ट चाललीय." तो म्हणाला, "अगो गंगू, ती नळी माझ्याकडे आहे." मला खालच्या वळणावर पाठवून त्याने ते बोंड काढून खिशात टाकलं होतं. तीन वर्षं त्याच्या पेटीत होतं, दाढीच्या सामानाबरोबर.

आत्या म्हणाली, "मग तेव्हा तोंडात काय बांगडा धरला होतास?"

काका म्हणाला, "पोरगा बोलेल म्हणून थांबलो. आज बोलेल, उद्या बोलेल. तो गेला पळून, मग मी कुणाला सांगू? चुगली झाली असती ती." आणि मग म्हणाला, "शिवाय चार दिवस मी पण मजेत चालवली की गो. गाडीत काहीतरी केलंय हे मला नाणीजलाच कळलं. बॉनेट उघडून बघायला हवं होतं. नाय उघडलं. पांढऱ्या पिकअपला मागे टाकायचं होतं मला पण."

आत्या उठली. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखी आत निघून गेली. ती देव्हाऱ्यातून चावी घेऊन आली आणि काकाच्या बशीत टाकली. चहा अंगावर उडाला. काका चावी पुसत म्हणाला, "गोड झाली."

श्रद्धा, मी निलेशला हे तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी तो सांगता सांगताच झोपला.

आता तुझ्यावर येतो. डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला होता. तुझं अक्षर, आत्याचे शब्द. तीन वर्षांनी आत्या माझ्याशी बोलली ते हे:

"दर्शन. घाटात खोटा बोललास, तो हिशेब तू आणि बाबू बघा, तो तीन वर्षं तू बोलायची वाट बघत बसलेला माणूस आहे. माझं वेगळं आहे. शेवंडांच्या टाकीची नळी तू कापलीस. राहिलेली आखूड नळी पलीकडच्या कप्प्यापर्यंत पोचली नाय. सहा शेवंडं मेली. ती मी ह्या पोरीवर घातली. आठ दिवस हिला नको नको ते बोलले. ही सांगत होती, पंप चालू होता आई, पंप चालू होता. मी ऐकलं नाय. तू बाजूला बसून हसत होतास, पहिल्या पत्रात पण हसलास. आधी हिची माफी माग. मी माझी माफी मागितली. मग मला फोन कर, मी उचलीन."

श्रद्धा, मी पाच वेळा वाचला कागद. काकाचं मला तीन वर्षं माहीत होतं, ते बरोबर घेऊन फिरलो. तुझं माहीतच नव्हतं. मी स्वतःच्या हाताने लिहिलं की टाकीची नळी कापली, आणि तरी मला दिसलं नाही. तुला मात्र वाचता वाचता दिसलं असणार. तू मोठ्याने वाचत होतीस, सगळ्यांसमोर, आणि त्या ओळीवर थांबली नाहीस. निलेश म्हणतो, तुझा आवाज पण हलला नाही. मी "एकही ओळ गाळू नकोस" म्हटलं होतं, म्हणून?

सहाही शेवंडं माझी. तू पंप चालू केला होतास. कुणी विचारलं तर हे पत्र दाखव. कॉलेजात पण दाखव.

आत्याला सांग, शिमग्याला येता येणार नाही. मार्चमधे रमजान आहे, उस्ताद उपाशी असतो, दिवसभराचं जड काम माझ्यावर आहे आणि ते मला टाकायचं नाही. ईद झाली की एप्रिलमधे दीड महिन्याची सुट्टी दिलीय. ती चिडेल. चिडू दे, आता फोनवर चिडेल. काकाला सांग, मला बाजूच्या सीटवर बसायचंय, भरलेल्या गाडीत, घाटात. पांढरी पिकअप पुढे गेली तर जाऊ दे.

ते बोंड मी इथे बाकावर स्टॅन्डमधे धरून ठेवलंय. उस्तादाने उलटसुलट करून बघितलं आणि नळी बोटांनी दाबली. म्हणाला, "ये पाइप किस गधे ने लगाया?" मी म्हटलं, मीच. त्याने मला चहा मागवला. शिवीच्या जागी चहा.

निलेशचा चुलतभाऊ पुढच्या आठवड्यात येतोय, त्याच्या हातून चार मीटर निळी नळी पाठवतो, मारिसेलच्या गाडीला लावली तीच, आणि आठ क्लिप. ही टाकीला लाव. गाडीला नाही, काकाला ठणकावून सांग. सरळ काप, तिरकी नको. प्रत्येक जोडाला क्लिप लाव आणि ओढून बघ. काका पण ओढून बघेल, बघू दे.

मग पंपाची चावी पूर्ण बंद कर आणि सुरुवातीला अगदी थोडी उघड. पाव फेरा. थांब. पलीकडच्या कप्प्यात शेवटच्या शेवंडापर्यंत बुडबुडे पोचतात का ते बघ. नसतील पोचत तर अजून पाव.

दर्शनदादा